उघाडी

कोपरच्या जुन्या गावात, केण्यांच्या घरामागच्या अंगणात, संदेश गाडीखाली उताणा पडून शिव्या घालत होता. शिव्या गाडीला नव्हत्या. त्या थोरल्या भावाला, रघूला होत्या, आणि रघू त्या ऐकायला नव्हता म्हणून संदेश आणखीच भडकत होता.

गाडी संदेशची. भंगारात निघालेली जुनी झेन उचलून त्याने स्वतःच्या हातांनी उभी केली होती. कारखान्यात फिटर असलेल्या माणसाने गॅरेजवाल्याचं तोंड बघायचं म्हणजे त्याला नाक कापल्यासारखं वाटायचं. ती गाडी रघूने न विचारता नेली. लहानपणापासून संदेशची प्रत्येक वस्तू तो अशीच न्यायचा. नेली ती नेली, आणि मोठागावच्या रेतीबंदराला खाडीत घातली. ओहोटीला टप दिसला तेव्हा क्रेन लावून ती बाहेर काढली. काचा वर होत्या, चारही दारं आतून लॉक होती, किल्ली जागेवर होती. रघू तेवढा नव्हता. पोलिसांनी तो बाहेर कसा पडला असेल याचे दोन-तीन तर्क सांगितले आणि पंचनामा उरकून गाडी घरी न्यायला सांगितलं.

संदेशला ते तर्क पुरेसे होते. भाऊ बुडाला. देह सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करून पालाशविधी करतात, तसा करायचा आणि घराने एकदाचं रडून मोकळं व्हायचं. पण रघूची बायको प्रमोदिनी ऐकेना. ती नवऱ्याचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवत होती. त्यांचे वडील, आबा, ओट्यावर बसून खाडीच्या दिशेला बघत होते, आणि एरवी दिवसभर पोरांवर खेकसणाऱ्या त्या माणसाने घरात कुणावर आवाज चढवणंच सोडलं होतं. या घरात जिवंत माणूस फक्त मी एकटा राहिलोय, असं संदेशला वाटे. शेवटी एके दिवशी त्याचा तोल सुटला आणि तो वहिनीला नको नको ते बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भावजी, गाडीतलं पाणी थांबवा," ती म्हणाली. "थांबलं की विधी करा. मी आड येणार नाही."

कसलं पाणी, असं त्याने विचारलं नाही. ते त्यालाही माहीत होतं.

गाडी आणली तेव्हा इंजिनातून दुधाच्या चहासारखं ऑइल निघालं होतं. ते काढून त्याने नवीन भरलं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर खोलून धुतला, सीट आणि मॅट उन्हात वाळवल्या. सकाळी सगळं कोरडं ठणठणीत. दुपारी दार उघडलं तर ड्रायव्हरच्या पायाशी घोटाभर पाणी. अंगणातली माती मात्र सुकी होती. रेडिएटर, होज, एकेक जोड त्याने हात फिरवून तपासला. कुठे थेंब नाही. पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं, तर खारट. संध्याकाळपर्यंत ते आपोआप उतरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलं, थोडं उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा.

"भरती लागली," ओट्यावरून आबा पुटपुटले. त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. त्याच वेळी क्लचच्या पेडलखाली पत्रा ओला चमकायला लागला.

अंगणाच्या मधोमध रघूने हौशीने बांधलेला सिमेंटचा हौद होता, त्यात लाल-पांढरे कोई मासे. माशांचं त्याला वेडच. काचा कापून, सिलिकॉनने चिकटवून तो घरीच फिश टँक बनवायचा आणि अर्ध्या डोंबिवलीत वाटायचा. लोक त्याला हुशार म्हणायचे आणि गाडी दुरुस्त करणाऱ्या संदेशला तेलकट म्हणायचे. खाणं टाकायच्या आधी रघू हौदाच्या काठावर अंगठी वाजवायचा आणि मासे तिकडे धावायचे. आता संदेशने खाणं टाकलं तरी एक मासा वर येत नव्हता. भरती चढू लागली की मात्र ते सगळे गाडीच्या बाजूच्या भिंतीला तोंडं लावून उभे राहायचे.

ते पाहून त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने गाडीच्या दाराला लाथ घातली. मेला तरी माझ्याच गाडीत बसून राहणार, आणि मासेसुद्धा त्यालाच विचारणार! आतलं पाणी लाथेने हललं नाही.

मग त्याला फळीवरच्या रघूच्या सिलिकॉनच्या ट्यूब दिसल्या. काचेच्या पेटीत पाणी थांबवणारी गोष्ट पत्र्याबाहेरही थांबवेल. त्याने सीट काढल्या, फरशी खरवडली, प्रत्येक सांधा, वायरचं प्रत्येक भोक, प्रत्येक रबरी बूच बुजवायला घेतलं. आबा काठी टेकत जवळ आले. त्यांचा उभा जन्म खाडीकाठच्या खारजमिनीत भात लावण्यात आणि बांध राखण्यात गेला होता. बांध घातला तरी त्यात एक झडपेची वाट, उघाडी, ठेवायची, हे त्यांच्या लेखी जेवायच्या आधी हात धुण्याइतकं साधं होतं.

"एक भोक ठेव रं," आबा म्हणाले. "उघाडी नाय ठेवली त पानी दुसरा बांध फोरतंय."

"आबा, ही गाडी आहे, शेत नाही."

"मना ठावं हाय कं हाय ती."

म्हातारा कधीच आपली बाजू घेत नाही, याचाच संदेशला जास्त राग आला. एक भोक उरलं होतं, ड्रायव्हरच्या सीटखाली. त्यात सिलिकॉन भरून त्याने अंगठ्याने दाबलं.

खालून दाब आला.

कुणी खालच्या बाजूने आपला अंगठा टेकवावा, तसा. गार, आणि तेवढाच.

त्याने वाकून गाडीखाली पाहिलं. सुकी माती होती. त्याने दात आवळले, ट्यूब रिकामी होईपर्यंत पिळली आणि अंगठा तिथेच दाबून धरला. हळूहळू खालचा जोर गेला. तो जाताना संदेश ओरडला, "जा ना मग!" डोळे पुसताना काळं तेल सगळ्या तोंडाला लागलं.

दुसऱ्या दिवशी अवसेचं उधाण होतं. खाडी खारफुटीच्या माथ्यापर्यंत भरते, तसलं. सकाळी सीट परत बसवून ऐन दुपारी त्याने दार उघडलं. फरशी कोरडी. बोट फिरवलं, धूळ लागली. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. जिंकलो, असं त्याने मनाशी म्हटलं. राग एकदम ओसरला, आणि त्याच्या जागी रघूची आठवण जोरात आली.

वहिनीला सांगायला तो उतरला. हौदाजवळ थबकला.

गाडीच्या बाजूला एकही मासा नव्हता.

सगळे पलीकडच्या भिंतीशी होते. घराच्या बाजूला.

मागच्या दारात प्रमोदिनी उभी होती. तिच्या गाऊनची कड ओली होती, उंबऱ्यावर थेंब पडत होते.

"वहिनी, थांबलं," तो म्हणाला.

"हो. मी शब्द दिलाय, विधी करा," ती म्हणाली. तिचा आवाज कित्येक दिवसांनी मऊ लागला. "फक्त आधी ह्यांना विचारून घ्या."

आतून आबांचा आवाज आला. खेकसणारा.

"पाय पूस रं आधी."

संदेशने तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. स्वयंपाकघरात आबांशिवाय कुणी नव्हतं. लादीवरचं पायपुसणं मात्र सावकाश पुढे-मागे सरकत होतं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या.