हाकेवरचं घर

तुम्ही डोंगरात घर बघताय असं कानावर आलं, म्हणून सांगते. घाबरवायचं म्हणून नाही. आम्हीही असंच हौसेने बघितलं होतं. दोन खोल्या, पुढे अंगण आणि अंगणापुढे दरी.

यांची तीस वर्षं सूतगिरणीत गेली. कापसाची धूळ छातीत बसली ती बसलीच. शेवटी शेवटी बोलायला गेले की नुसती कुजबुज बाहेर पडायची. डॉक्टर म्हणाले, स्वच्छ हवेत न्या. जाऊबाई म्हणाल्या, नशीब काढलंत, किती शांत असेल तिथे.

डोंगरातली हवा स्वच्छ असते, पण थोडी असते, हे कोणी सांगितलं नव्हतं. दाराशी जाऊन आले तरी यांना धाप लागायची. आणि शांतता म्हणाल तर पत्रा वाजतो, दगड सुटतात आणि दरी प्रत्येक आवाज परत करते. हे खोकले की पलीकडून कोणीतरी खोकायचं. हे हसून म्हणायचे, "त्याचं माझ्यापेक्षा वाईट आहे."

वरच्या घरातली दूधवाली रोज यायची. पन्नाशीची, तोंडाने फटकळ, मनाने चांगली. पहिल्याच दिवशी तिने दरीपलीकडचं हिरव्या पत्र्याचं घर दाखवलं. "काळजी करू नका ताई. नर्सबाई हाकेवर आहेत." तिथले दोरीवरचे कपडेसुद्धा मोजता येत होते. मला केवढा धीर आला. आमच्याकडे हाकेवर म्हणजे चार दारं सोडून.

त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला यांचा श्वास अडकायला लागला. ओठ निळसर दिसायला लागले. फोन तिथे लागतच नाही. दूधवाली नेमकी आली होती. ती अंगणाच्या टोकाला, दगडावर जाऊन उभी राहिली आणि तिने दोन हाका मारल्या. दोन्ही परत आल्या. पलीकडून ओ आली नाही.

"आत असतील. तुम्हीपण मारा, दोघींचा आवाज पोचेल."

मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. मी जन्मात कधी मोठ्याने हाक मारलेली नाही. स्वयंपाकघरातून यांना बोलवायचं तर भांडं आपटायचे. हे म्हणायचे, तुझ्यापेक्षा तुझा कालथा जास्त बोलतो.

"मी जाऊनच येते," मी म्हटलं. "समोर तर दिसतंय."

"दिसतो तर चंद्रही. हाक पोचते तिथे पाय पोचत नाहीत, ताई. थांबा. थोड्या वेळाने परत मारू."

मला थांबवेना. मी यांच्या हाताशी ताटली आणि चमचा ठेवला. काही लागलं तर वाजवा म्हटलं, दूधवाली आहेच. यांनी माझा हात धरला. "लवकर ये..."

"आलेच," मी म्हटलं.

पहिल्याच वळणाला हिरवा पत्रा दिसेनासा झाला. वाट समोर जातच नव्हती, खाली खाली उतरत होती. अर्धा तास उतरले आणि धुकं आलं. धुकं वरून येतं असं आपल्याला वाटतं. ते खालून येतं. आधी चपला दिसेनाशा झाल्या, मग गुडघे, मग हात. विझलेल्या ओल्या राखेसारखा वास होता.

तेवढ्यात वरून ताटलीचा आवाज आला. बारीक, घाईघाईचा. टिण्... टिण्... टिण्. मागे फिरले तर नर्सबाई राहतील, पुढे गेले तर हे. काय करावं सुचेना आणि माझ्या तोंडून, आयुष्यात पहिल्यांदा, ऊर फुटेल अशी हाक निघाली.

"आले हो... आले..."

मी थांबले. दरी प्रत्येक आवाज परत करते. माझी हाक परत आली नाही.

वर ताटली वाजायची थांबली. मला वाटलं, बरं झालं, यांना ऐकू गेलं. त्या समाधानात मी पुढे चालत राहिले.

नर्सबाईंकडे पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. आत यंत्रावर शिवण चालू होती, त्यांना हाका ऐकूच आल्या नव्हत्या. बिचाऱ्या तशाच पिशवी घेऊन निघाल्या. त्यांना ठाऊक असलेली घरामागची वाट जवळची होती, तरी घरी पोचेपर्यंत दिवस मावळत आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. दूधवाली नव्हती. हे खाटेवर भिंतीला चिकटून, अंग चोरून पडले होते. अर्धी खाट मोकळी. नर्सबाईंनी मानेला हात लावला, मग माझ्याकडे बघितलं. "दोन-तीन तास झाले असतील..." त्या मोकळ्या अर्ध्या खाटेवरची चादर ओली होती. राखेचा वास येत होता.

मी तशीच वर धावले. दूधवाली गोठ्यात होती.

"त्यांना एकटं टाकून आलात?"

ती माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. "एकटं कशाला टाकीन? तुम्ही आलात ना. ते ताटली वाजवत होते, तुम्ही बाहेरून आले हो, आले म्हणत दार लोटलंत. पार भिजला होतात. त्यांनी सरकून जागा केली, तुम्ही शेजारी बसलात. मला म्हणालात... आता मी आहे, तुम्ही जा."

पुढच्या आठवड्यात मी मृत्यूच्या दाखल्यासाठी खाली शहरात गेले. दोन दिवस भावाकडे राहून परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाली आली ती अंगणातच उभी राहिली. मी पातेलं पुढे केलं. "आता अर्धा लिटरच घाला. एकटीला पुरे."

तिने किटली उचलली नाही. माझ्या खांद्यावरून आत, अंधारात बघत हळू आवाजात म्हणाली, "परवा दुपारी तर तुम्हीच सांगितलंत ताई... दूध कमी करू नका, दोघींना लागतं म्हणून."