तिसरा ओबो

"मी बघत नाही, फक्त ऐकतो," म्हणत तो भिंतीकडे तोंड करून बसला, आणि तिला हसू आवरेना.

घटकाभरापूर्वी ती त्याला ओळखतही नव्हती. तिच्या जुन्या ओबोला, त्या सनईसारख्या लाकडी वाद्याला, तडा गेला होता आणि वाद्यवृंदातली जागा वाजवून दाखवून मिळवायची होती. चुकीचा ओबो घेतला, तर जागा हातची गेलीच. वाद्यांच्या दुकानदाराने तीन काढून ठेवले: दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे, कोरे, तिसरा वापरलेला. वाजवणाऱ्याला आपला सूर हाडांतून ऐकू येतो, खोलीत पोचतो तो निराळाच. म्हणून ऐकायला दुसरं कुणीतरी लागतं. दुकानात हा बसला होता, पूर्वी ओबो वाजवणारा. तिने गळ घातली, त्याला नाही म्हणवलं नाही.

कोरं लाकूड रोज थोडंच फुंकायचं, नाहीतर चिरतं. त्यामुळे निवड लांबली. रोज दुपारी ती यायची, आपली एकच रीड, ओठांत धरून फुंकायची पत्ती, तिन्हींना लावून तीच संथ धून वाजवायची.

"पहिल्याच्या कळा हलक्या असतील, पण खालचे स्वर घसा बसल्यासारखे," तो भिंतीला सांगायचा. "दुसरा खालपासून वरपर्यंत एकसारखा."

"आणि तिसरा?"

"तिसरा... उद्या सांगतो."

"तुमचा उद्या कधी उजाडणार?"

"घाई आहे?"

घाई तर होती. पण त्याच्या मानेवरचा तीळही तिला आता ओळखीचा झाला होता, आणि घरी गेल्यावर ती पाठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

"एवढ्या वेळात लोक सोयरीक जमवतात," दुकानदार कुरकुरला. तिने उगाचच रीड पुसायला घेतली.

शेवटी एके दिवशी ती म्हणाली, "तिसराच घेते. काळजाला हात घालतो तो."

"नका घेऊ." तो वळला नाही. "वरचे स्वर दमवतील. ऐनवेळी दगा देईल."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझा आहे तो... विकायला ठेवलाय."

तापात त्याच्या ओठाची एक बाजू सुन्न झाली, ती कायमची. रीड धरताच येत नाही. एवढंच त्याने सांगितलं. तिला भडभडून आलं. इतके दिवस आपण याचाच ओबो याला ऐकवत होतो!

"मग विकला गेला, तर बरंच ना?"

"बरंच. पण तुम्हाला नको. तुम्ही वाजवलात, तर मी प्रत्येक कार्यक्रमाला येईन—आणि मलाच कळायचं नाही, त्याला ऐकायला आलोय, की तुम्हाला..."

तिने तिसरा ओबो हलक्या हाताने पुसून पेटीत ठेवला. दुसरा उचलला.

"हा घेते," ती म्हणाली. "आता या. आलात, तर दोघांनाही कळेल कुणासाठी आलात ते."

तो भिंतीकडून वळला. मग हळूच म्हणाला, "आणि जागा नाही मिळाली तर?"

"तर घरी या ऐकायला."