लाल पट्ट्याच्या वर

सोमनाथ फक्त दिवा ठेवायला गेला होता.

पुंडलिकमामांनी गोष्ट इथून सुरू केली आणि मला वाटलं, चला, आजची सौम्य दिसते. उस्मानपुऱ्यात वीज गेली होती, म्हणून आम्ही सगळे गच्चीवर येऊन बसलो होतो. मामा म्हणजे माझे मामेसासरे. उभी हयात वाळूजच्या कंपन्यांची शिफ्टची बस चालवण्यात गेली. त्यांच्यासमोर माझा धाकटा दीर आकाश. त्याच दुपारी यानं वाळूज रस्त्यावर मोटारसायकलचं पुढचं चाक उचलून चालवल्याचा व्हिडिओ टाकला होता, आणि मामांनी तो पाहिला होता. माझ्या मांडीवर संस्कृती, दोन वर्षांची, पेंगुळलेली. तिला खाली नेऊन झोपवायला हवं होतं. भुताच्या गोष्टींनी लेकरं झोपेत दचकतात असं मी कुठंतरी वाचलंय. पण अंधारात खाली एकटीनं जायचं म्हणजे... जाऊ दे. मी एमएस्सी झालेली बाई आहे. मी बसले.

"कोण सोमनाथ?" आकाशनं मोबाइलवरून मान वर न करता विचारलं.

"आमच्या गावचा. त्याचं वावर माझ्या वावराला लागून. अर्धं रान प्लॉटिंगला गेलं तसा मोठा माणूस झाला. म्हंजे गाडी मोठी झाली. माणूस व्हता तेवढाच राहिला."

मामांना कुणाबद्दल बरं बोलता येत नाही. आम्हाला त्याची सवय आहे.

"गेल्या साली लक्ष्मीपूजनाच्या रात्री झालं हे. पण त्याच्या आधी नवरात्र सांगावं लागंल. छावणीकडं जत्रा भरती, तिथं मौत का कुआ आला व्हता. तू पाह्यलाय का रं, हिरो?"

आकाशनं नाही म्हटलं. मी पाहिलाय, लहानपणी, वडिलांच्या मागं तोंड लपवून. फळ्यांचं एक प्रचंड पिंप उभं केलेलं असतं. तळाशी मोटारसायकल सुरू होते, गोल फिरत वेग घेते आणि भिंतीवर चढून चक्क आडवी धावते. आपण जिन्यानं वर जाऊन कठड्यावरून खाली बघायचं. कठड्याच्या जरा खाली आतून लाल पट्टा मारलेला असतो. त्याच्या वर चाक न्यायचं नाही, हा चालवणाऱ्यांचा कायदा. बघणारे नोट धरून हात खाली सोडतात, आणि चालवणारा हँडल सोडून, येता येता ती टिपतो. हात पुढं केला म्हणजे दिलं, हा बघणाऱ्यांचा कायदा.

"अजिनाथ नाव त्या पोराचं," मामा म्हणाले. "मेंढरामागनं उठून ह्या धंद्यात आलेलं. लई साफ चालवायचं. सोमनाथनं पाचशेची नोट धरली. पोरगं आलं, ह्यानं हात वर घेतला. फिरून आलं, पुन्हा वर. सोनिया, सोमनाथची बायको, शूटिंग करायलती. काखंला लेकरू अन् हातात मोबाइल. आन् भवतालचे सगळे दात काढायलते. 'ये की वर! दम नाय का?' "

"मग?"

"आलं वर. पट्ट्याच्या वर."

 खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली.

"वाचला का तो?" आकाशचा मोबाइल आता मांडीवर होता.

"तोल गेला, खाली आलं आन् गाडी त्याच्याच अंगावर पडली. जागीच गेलं. लोकांनी तेवढंबी शूट केलं. मग आकाशपाळण्याकडं गेले. तमाशा संपल्यावर काय करणार बिचारे, पोरासोरांना भजी नको का खाऊ घालायला?"

मला उगाच वाटलं की हे 'बिचारे' माझ्यासाठी होतं. मी तिथं नव्हते. पण असते तर मीही संस्कृतीचे डोळे झाकून भज्यांकडंच गेले असते.

पुढं जे झालं ते सोमनाथलाच सुचू शकतं. कुएवाल्याला आवराआवर करायची घाई होती, फळ्या मातीमोल भावात निघाल्या. सागवानासारखं टणक लाकूड. सोमनाथनं ट्रकभरून शेतात नेल्या. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरायला कोठार करायचं होतं. सुतारानं खटपट केली, पण फळ्या सरळ बसेनात. वर्षानुवर्षं गोल उभ्या राहून त्यांना बाक आलेला. प्रत्येक फळीवर आकडा होता, बोल्टची भोकं त्या आकड्यांच्या क्रमानंच जुळत होती. सोमनाथ म्हणाला, मग लाव तशाच. आयतं गोल कोठार. जिना आणि वरचा सज्जाही लावून घेतला, कुटार वरून ओतता यावं म्हणून. आतून-बाहेरून हिरवा ऑइलपेंट मारला. लाल पट्टा झाकला गेला.

"मी म्हणलं, सोम्या, अरे हा कुआच उभा केला की तू. तर म्हणतो, मामा, तुम्ही जुन्या काळातले. जुन्या काळातले! बरं बाबा. आम्ही जुने."

"आणि दिवा?" मी विचारलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"तेच सांगायलो. लक्ष्मीपूजन झालं. गोठ्यात दिवा, विहिरीवर दिवा, तसा कोठारालाबी ठेवायचा. सोमनाथ निघाला. अमू मागं लागली, त्याची पोर, हिच्याएवढीच. घेतली काखंत. तिच्या हातात चकली. कोठार रिकामंच व्हतं, मळणी लांबलेली. दाराला बाहेरून कुलूप. ह्यानं उंबऱ्यापाशी दिवा ठेवला, वळला, आन् आतनं गाडीचा आवाज आला."

गावात फटाके चालू होते. सोमनाथला आधी तेच वाटलं. मग वाटलं, गावातली टारगट पोरं आत घुसलीत, रील करायला. कुलूप तसंच होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल. शिव्या देत तो जिना चढला.

"वर गेला. टॉर्च मारली आत."

"कोण होतं?"

"कुणी नाय."

मामांनी विडी काढली, पण पेटवली नाही. नुसती धरून बसले.

"आत काय नाय. हिरवी भिंत. पण आवाज फिरायला. गोल... गोल. त्याच्या पायाखालचा सज्जा हादरायला. आवाज समोरच्या बाजूला गेला की हादरणं बंद. त्याच्याकडं आला की पुन्हा सुरू. तोंडावर वारं. पेट्रोलचा वास. प्रत्येक फेरीला जरा वर."

आकाशनं मोबाइल पालथा ठेवला.

"मग कळलं त्याला. खिशात पूजेतली नोट व्हती. काढली. हात खाली सोडला. म्हणाला, घे बाबा, घे. हे बघ, मागं घेत नाय. रडायला लागला. मला सांगतानाबी रडत व्हता. मला काय त्याची दया आली नाय."

"घेतली?"

"आवाज आला... आन् गेला. नोट हातातच. पुन्हा आला. गेला. नोटंकडं ढुंकून बघायला तयार नाय ते."

संस्कृती माझ्या मांडीवर हलली. मी तिला जवळ ओढलं.

"पळून का नाही गेला?"

"पाय उचलंना म्हणला. आन् तेवढ्यात अमूनं हात पुढं केला."

आकाश सरकून मामांच्या जवळ आला.

"चकलीचा हात. कठड्याच्या बाहेर. लेकरू हासायलं. 'भुर्र... भुर्र...' आपल्याला आवडलं की ती सगळ्यांनाच द्यायची खायला. कुत्र्यालाबी. सोमनाथनं तिचा हात धरला. मागं ओढायला. आन् थांबला."

"का?" मी विचारलं. खरंतर मला कळलं होतं.

"आधी दोनदा ओढलाच व्हता ना त्यानं हात मागं."

कोठारात आवाज जवळ येत होता.

"ओढावा तर... नाय ओढावा तर..."

मामांनी वाक्य तिथंच सोडलं. मी संस्कृतीच्या मुठीवर माझी मूठ घट्ट धरून बसले होते. 

"सोडला त्यानं तिचा हात. डोळे मिटले. आवाज आला. एकदम वर. कानापाशी. वारं लागलं..."

मामांनी हातातली विडी कानावर ठेवली.

"मग काय नाय. शांत. लांब कुठंतरी फटाके. डोळे उघडले तर अमू टाळ्या वाजवायलती. दोन्ही हात रिकामे."

"चकली खाली पडली असेल," आकाश म्हणाला. जरा जोरातच.

"आसंल. सकाळी कुलूप काढून आम्ही आत गेलो. सोमनाथ उंबऱ्याबाहेर उभा, आत पाय टाकायची हिंमत नाय. मोठा माणूस! मीच शोधलं. जमीन कोरी. चुरासुद्धा नाय."

"मुंग्यांनी नेली असेल."

"व्हय, मुंग्यांनीच." मामांनी त्याच्याकडं, व्हिडिओ पाहताना पाहिलं होतं, तसंच पाहिलं. "तुझं खरं. शिकलेला तू."

वीज आली. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी पोरांनी आरोळी ठोकली. आम्ही सगळे एकमेकांना फारच उजेडात दिसायला लागलो. आकाशनं मोबाइल उचलला, काहीतरी दाबलं आणि खिशात ठेवून दिला. दुपारचा व्हिडिओ त्यानं काढून टाकला, असं मला सकाळी कळलं.

मी संस्कृतीला उचललं. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"मामा, आत काहीच नव्हतं?"

मामा उठून सतरंजी झटकत होते.

"हिरवा पेंट नवाच व्हता," ते म्हणाले. "त्याच्यावर चाकाचा काळा पट्टा. तळापासनं गोल गोल चढत गेलेला. लाल पट्टा झाकला व्हता, तिथनंबी वर. पार कठड्यापर्यंत, अमूचा हात व्हता तिथं."

त्यांनी सतरंजीची घडी घातली.

"आन् तिथनं परत खाली आलेला. गोल गोल, सावकाश. तळापर्यंत. ह्या वेळी पोरगं पडलं नव्हतं."