सव्वादोन मिलिमीटर

खरं तर तो आला होता शेजारच्या शिंप्याकडे. पण शिंप्याचं दुकान नेमकं त्या दिवशी बंद. म्हणून तो घड्याळदुरुस्तीच्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "तुमच्याकडे एखादा तडा आहे का?"

काउंटरमागच्या मुलीने डोळ्याचं भिंग काढलं. सगळी गल्ली तिला चिमटी म्हणायची, कारण दिवसभर तिच्या हातात घड्याळजीचा चिमटा असायचा. काटा आहे का, पट्टा आहे का, असं विचारणारे पुष्कळ यायचे. तडा मागणारा हा पहिलाच.

"आहे की," ती म्हणाली. "केवढा हवा?"

तो हसला, आणि हसताना त्याचं पिवळं हेल्मेट नाकापर्यंत घसरलं. तिथेच चिमटीचं काहीतरी जागचं हललं... पण ते तिने कबूल केलं ते बऱ्याच उशिरा.

त्या शहरात आधी रस्त्यावरून ट्राम आली, मग उंच खांबांवरून मेट्रो. आता तिसरी मार्गिका जमिनीखालून येत होती, अगदी या गल्लीच्या खालून. बोगदा खणणारं यंत्र मोठ्या अळीसारखं असतं. पुढून माती खातं, मागे गोल भिंत बांधत जातं, आणि दिवसाला दहा-बारा मीटर सरकतं. ते सरकताना वरची घरं हलत नाहीत ना, हे कोणीतरी वर उभं राहून बघायला लागतं. हा मोजणीवाला म्हणजे तो कोणीतरी.

त्याने चिमटीच्या पाठीमागच्या भिंतीतल्या जुन्या तड्यावर दोन पारदर्शक पट्ट्या चिकटवल्या. एक तड्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. एकीवर बारीक चौकटी, दुसरीवर लाल फुली. तडा रुंदावला की फुली चौकटींवरून सरकते. त्याने नियमही समजावला. फुली एक मिलिमीटरच्या पुढे गेली की रोज मोजायचं. दोनच्या पुढे गेली की खाली यंत्र बंद.

"आणि नाहीच सरकली तर?"

"तर... दर मंगळवारी येईन," तो म्हणाला, आणि उगाचच हेल्मेट सरळ केलं.

मग मंगळवार सुरू झाले. तो विजेरी धरायचा, ती भिंग द्यायची, आणि केसाएवढीसुद्धा न हललेली फुली बघायला दोघांना अर्धा तास लागायचा. काउंटरवर बसणाऱ्या चिमटीच्या आत्याला त्याच वेळी आतल्या खोलीत काहीतरी आठवायचं. आत्या आत जायची, पण दार लावून घ्यायची नाही.

"तुमचा तडा फारच शहाणा आहे," तो एकदा म्हणाला.

"माझ्यावर गेलाय," चिमटी म्हणाली. "सहजासहजी हलत नाही."

बाराव्या मंगळवारी मात्र त्याने पाठ करून आणल्यासारखं सांगून टाकलं, की तीन आठवड्यांत यंत्र गल्लीखालून पुढे जाईल, पट्ट्या निघतील, आणि त्याची बदली चौथ्या मार्गिकेवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होईल. चिमटीने बरं म्हटलं. त्या दिवशी तिने एका गिऱ्हाईकाच्या घड्याळात मिनिटकाटा तासाच्या जागी बसवला.

तीन आठवडे म्हणजे तीन मंगळवार. पण तोच रोज आला, तर? पुढच्या सोमवारी दुपारी तिने घड्याळाची काच सोडवायच्या औषधाचा एक थेंब पट्टीखाली सोडला, आणि डिंक मऊ झाल्यावर चिमट्याने फुली हळूच ढकलली. बरोबर सव्वा मिलिमीटर. तिचा हात कधी चुकत नसे.

मंगळवारी मोजणीवाल्याने विजेरी लावली, आणि त्याचा चेहरा पडला. त्याने पुन्हा बघितलं, मग तिच्याकडे बघितलं, आणि फोन काढला. फुली सव्वादोनवर होती.

जमिनीखाली यंत्र थांबलं. पंधरा मिनिटांत दुकानात आठ हेल्मेटं जमली. सगळ्यात पुढे मोठ्या बाई, म्हणजे त्याच्या वरिष्ठ इंजिनियर. त्यांनी गल्ली रिकामी करायला सांगितलं. शिंपी कोणाची तरी अर्धी शिवलेली पँट छातीशी धरून रस्त्यावर उभा राहिला. एवढ्यात आठांपैकी एकाने विचारलंच, की गेल्या मंगळवारी याने नीट मोजलं होतं की नाही.

चिमटीला ते सहन झालं नाही.

"त्यांनी नीटच मोजलंय. सव्वा मिलिमीटर माझं आहे," ती म्हणाली. "मी सरकवलं. पण वरचं एक... ते मी नाही केलं."

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. भिंतीजवळचे दोघे मागे सरले.

"ते माझं," आतल्या खोलीतून आत्या म्हणाली.

आत्याने बाहेर येऊन सविस्तर सांगितलं. सोमवारी संध्याकाळी तिला डिंक ओला दिसला, फुली हललेली दिसली, आणि पोरीचा बेत कळला. "म्हटलं, ही अशी चिमट्याने ढकलत बसली तर चौथी काय, सातवी मार्गिका होईल. मी अंगठ्याने ढकलली."

मोठ्या बाईंनी स्वतः भिंत तपासली. भिंत ठणठणीत होती. मग त्यांनी मोजणीवाल्याची नोंदवही उघडली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "या भिंतीची मोजणी महिन्यातून एकदा सांगितली होती. इथे तेरा नोंदी कशा?"

"शंका होती, बाई," मोजणीवाला म्हणाला.

"भिंतीची?"

तो बुटांकडे बघत राहिला. त्याचे कान फुलीइतके लाल झाले होते. चिमटीने मनातल्या मनात तेरातून तीन वजा केले, आणि तिला हसू आवरेना.

बाई हसल्या नाहीत. तिघांना त्यांनी पोटभर सुनावलं, की मोजमाप खोटं झालं तर उद्या खऱ्या तड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ते खरंच होतं. पट्ट्या शिंप्याच्या भिंतीवर गेल्या, मोजायचं काम दुसऱ्याकडे गेलं. बाईंनी नोंद केली, की पट्टीला बाहेरचे हात लागले, आणि सगळ्यांना घेऊन निघाल्या.

तो एकटा मागे राहिला. हातात विजेरी नाही, वही नाही... हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

"रागावलात?" चिमटीने विचारलं.

"सव्वादोन बघितलं तेव्हा मला यंत्र आठवलंच नाही," तो म्हणाला. "एवढंच वाटलं, की तुम्ही दिवसभर या भिंतीला पाठ लावून बसता."

पायाखाली बारीक थरथर सुरू झाली. यंत्र पुन्हा चालू झालं होतं.

"मंगळवारी येऊ?" त्याने विचारलं. "मोजायला काही नाही... नुसताच."

"मोजायला काही नाही," ती म्हणाली, "मग मंगळवारपर्यंत कशाला थांबायचं?"