रविवारचं ब्लडप्रेशर

शिवणकामाच्या दुकानात शिरलेल्या बाईला टाचणीनं तोंडच उघडू दिलं नाही. "हात वर करा," म्हणाली आणि टेप टाकला. छाती, कंबर, बाही... दंड साडेदहा इंच. सगळं वहीत उतरवून झाल्यावर तिनं विचारलं, "शर्ट कॉलरचा की बिनकॉलरचा?"

"शर्ट नकोय मला," ती बाई म्हणाली. गोल चष्म्याआड तिचे डोळे हसत होते. "मी तुमची स्वयंसेविका. पोट दुखतंय म्हणून फोन केला होतात ना?"

टाचणीच्या हातातून टेप गळाला. "मग मापं कशाला देत बसलात?"

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि... इतकं मन लावून घेत होतात, मोडवेना."

टाचणी हे तिचं गावानं ठेवलेलं नाव. अंगानं तशी आणि जिभेनंही तशीच. शिवणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण दवाखान्याचं नाव काढलं की ती विषयच बदलायची. सहा वर्षांपूर्वी पोटदुखीसाठी ती गावातल्या डॉक्टरकडे गेली होती. लग्न का नाही केलंस, असं त्यानं विचारलं, आणि हिनं खरं ते सांगितलं – मला बायका आवडतात. डॉक्टरनं पोटाला हातही न लावता लग्न हेच औषध सांगितलं. उरलेलं काम कंपाउंडरनं संध्याकाळच्या आत बाजारभर फिरून केलं. तेव्हापासून पोट दुखलं की टाचणी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून मशीन चालवायची. शेवटी एका गिऱ्हाइकानं कापडाच्या घडीत लपवून एक नंबर दिला. खेड्यापाड्यांतल्या समलिंगी, ट्रान्स माणसांना दवाखान्यात सोबत करणारी, धड वागणारे डॉक्टर हुडकून देणारी काही मंडळी होती, त्यांचा.

चष्मेवाली त्यांतलीच. आठवडाभर शहरात चष्म्याच्या दुकानात काम, आणि रविवारी स्कूटरवरून ही सोबत. तिनं गाठून दिलेल्या डॉक्टरीणबाईंनी लग्नाबद्दल चकार शब्द काढला नाही, पोट मात्र नीट तपासलं. पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन करायचं ठरलं, पण चष्मेवाली शेजारी हात धरून बसलेली असताना टाचणीचं प्रेशर इतकं चढलं, की भूल देणारे डॉक्टर तयार होईनात.

"चार रविवार घरी मोजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उतरलं तरच तारीख."

परतताना स्कूटरवर चष्मेवाली म्हणाली, "आमचा एक नियम आहे हं. जिच्या सोबतीला जायचं तिच्यात जीव गुंतवायचा नाही. गुंतलाच, तर तिला दुसऱ्या कोणाकडे सोपवायचं."

"मला कशाला सांगताय?"

"नाही... सगळ्यांनाच सांगते." आणि रस्त्यात नसलेला खड्डा चुकवायला तिनं स्कूटर वळवली.

प्रेशर मोजायचं मशीन तिनं टाचणीकडेच ठेवलं. पहिल्या रविवारी त्याचा पट्टा बांधताना तिची बोटं दंडाला लागली. वरचा आकडा एकशे साठ. दुसऱ्या रविवारी ती म्हणाली, "श्वास सोडा की."

"सोडलाय."

"मग एवढ्या लाल का झालात?"

एकशे चौसष्ट. चष्मेवालीनं घाबरून चहा बंद करवला. तिसऱ्या रविवारी एकशे अडुसष्ट – मीठही गेलं. आणि चूल एकच असल्यामुळे ते आत्याचंही गेलं.

दुकानामागच्या खोलीत टाचणी आणि तिची आत्या राहत. आठवडाभर अळणी जेवून आत्या पेटली होती. चौथ्या रविवारी चष्मेवाली यायच्या आधीच तिनं टाचणीचा हात ओढला आणि पट्टा बांधला. एकशे अठरा. पुन्हा बांधला. एकशे सोळा.

"मशीन बिघडलंय," टाचणी म्हणाली.

"मशीन नाही, तू बिघडलीयस! मी इथं मिठाविना झुरतेय, आणि ही चष्म्याकडे बघून फुगतेय!"

"आत्या, हळू बोल ना!"

"आज खरं सांग तिला. नाहीतर मी सांगेन, आणि मला काही सजवून सांगता येत नाही."

"सांगितलं तर यायची बंद होईल गं ती."

"आणि नाही सांगितलंस तर खडे सांभाळत बस." आत्याचा आवाज एकदम उतरला. "परवा दुकानात गुडघे पोटाशी घेऊन पडली होतीस. मला नाही बघवत ते."

चष्मेवाली आली. पट्टा बांधला. एकशे सहासष्ट. तिचा चेहराच पडला. "आता डॉक्टरीणबाईंना काय सांगू मी?"

"सांगा –" टाचणीला एरवी तोंडात चार टाचण्या धरूनही खडखडीत बोलता यायचं. आज रिकाम्या तोंडानं जमेना. "सांगा, की आत्यानं बांधला की एकशे अठरा, आणि तुम्ही बांधलात की... हे."

"म्हणजे मी फार घट्ट बांधते?"

आत्यानं कपाळावर हात मारला.

"नाही हो. बांधता तुम्ही छानच," टाचणी दंडाच्या पट्ट्याकडे बघत म्हणाली. "माझाच जीव गुंतलाय. द्या मला आता दुसऱ्या कोणाकडे."

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. तो स्वच्छच होता. "हो," ती हळूच म्हणाली. "द्यावंच लागेल."

टाचणीची मान खाली गेली. आत्या मात्र थांबणाऱ्यातली नव्हती. तिनं भाचीचा पट्टा सोडला, चष्मेवालीला खुर्चीत बसवलं आणि त्या साडेदहा इंची दंडाला तो करकचून बांधला. मशीन घरघरलं. एकशे अठ्ठावन्न.

"एरवी किती असतं गं तुझं?"

"एकशे दहा." चष्मेवालीचे कान लाल झाले होते. "मंडळींना मी कालच कळवलंय. पुढच्या रविवारपासून आमच्यातले एक निवृत्त मास्तर येतील यांच्या सोबतीला. मीच मागून घेतलं... नियम आहे ना."

"आणि तुम्ही..." टाचणी अडखळली. "आणि तू?"

"मीपण येईन. पण स्वयंसेविका म्हणून नाही."

आत्या उठली आणि मिठाचा डबा काढायला गेली.

मास्तरांनी मोजलेल्या आकड्यांवर तारीख मिळाली. ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलातही त्यांनीच पट्टा बांधला. एकशे वीस. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "बाहेर नवा बिनकॉलरचा शर्ट घातलेली कोणीतरी दाराच्या काचेला नाक लावून उभी आहे. दोन मिनिटं आत बोलवू?"

"नको, नको!" टाचणी पडल्या पडल्या म्हणाली. "आधी भूल द्या... मग बोलवा."