अनुसयाबाईंचे सत्त्याण्णव टक्के

हिंदुराव मोहिते, वय त्र्याहत्तर, माजी सरपंच, यांनी उजव्या अंगठ्याला लालभडक नेलपॉलिश लावलं होतं. बाकीची नऊ बोटं होती तशीच होती.

"तात्या, हे काय?" तेजलने विचारलं.

"नातीनं लावलं."

"एकाच बोटाला?"

"बाटलीत तेवढंच होतं."

तेजल गुरवने नखवाचक बाजूला सरकवला. आठवडाभर हेच चाललं होतं. सोमवारी सात जण अंगठ्याला पट्टी बांधून आले, मंगळवारी अकरा. सगळ्यांचाच अंगठा दारात सापडला होता. कुसवडे गावातली दारं एकाएकी एवढी का चिडली, ते कोणी सांगत नव्हतं.

नखवाचक दिसायला मोठ्या शार्पनरसारखा. अंगठा आत घातला की निळा प्रकाश पडायचा. आपण घेतलेल्या औषधाचा कणभर अंश वाढत्या नखात अडकून बसतो आणि नखाबरोबर पुढे सरकतो. त्यामुळे अंगठ्याचं नख म्हणजे पाच-सहा महिन्यांची डायरीच, फक्त मालकाला न विचारता लिहिलेली. यंत्र ती वाचायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघायचं आणि 'पालनांक' सांगायचं. म्हणजे, सांगितलेल्या गोळ्यांपैकी किती टक्के खरोखर पोटात गेल्या. तेही मोठ्याने, लग्नाच्या हॉलमधल्या निवेदिकेच्या आवाजात.

प्रत्येक फॅमिली डॉक्टरकडे एक औषधतज्ज्ञ हवाच, असा नवा नियम निघाला आणि सहा आठवड्यांपूर्वी तेजल डॉक्टर रेठरेकरांच्या दवाखान्यात रुजू झाली. गावाने तिचं पद एका दिवसात बदलून 'मेडिकलवाली' केलं. मेडिकल चौकात असताना दवाखान्यात मेडिकलवाली कशाला, हे कोणालाच पटत नव्हतं. काहींच्या मते ती डॉक्टरांची भाची होती, काहींच्या मते हेर. तिच्या हातून कोणी चिठ्ठी घेत नसे. तिने ती टेबलावर ठेवायची, डॉक्टरांनी उचलायची, मग पेशंटने घ्यायची. डॉक्टरांच्या हाताला गुण होता, आणि तो कागदाला लागायला दोन सेकंद पुरत.

पट्ट्या बांधायच्या आधी जे अंगठे यंत्रात गेले होते, त्यांचा सरासरी पालनांक होता सहा. वर त्यांच्या नखांत अशी औषधं निघाली, जी या दवाखान्यात कोणी लिहिलीच नव्हती. गावात एखादा भोंदू बसला असावा, असं तेजलला वाटलं.

अपवाद एकच. अनुसया लोहार, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या. सत्त्याण्णव टक्के. यंत्राने त्यांच्या नावापुढे चांदणी काढली होती आणि टाळ्या वाजवल्या होत्या.

त्यांच्या चिठ्ठीत रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या होत्या. दोन्हींचं काम एकच, नावं वेगळी. तेजलने पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारलं होतं. "मुद्दाम दिलंय, बाळ," ते हसून म्हणाले होते. ते इतक्या शांतपणे म्हणाले की तिने वहीत बरोबरची खूण केली. गुण तिलाही लागला होता.

आता लाल अंगठा पाहून डॉक्टर खुर्चीतून उठले. एकाहत्तरीचे, इस्त्रीच्या शर्टातले, समोरच्या बाकांवरच्या सगळ्यांना ओळखीचं हसणारे.

"अरे, घाबरता काय? आधी माझा अंगठा बघ, बाळ. मग यांची भीड चेपेल."

निळा प्रकाश पडला.

"नमस्कार!" यंत्र म्हणालं. "आपण स्मरणशक्ती टिकवण्याची गोळी घेत आहात. नेहमीचा डोस दिवसाला एक. आपण घेता तीन. घेतल्याचं विसरून पुन्हा घेऊ नये, ही विनंती."

तेजलने बाकांकडे पाहिलं. कोणीही दचकलं नाही. वीस माणसं पंख्याकडे बघत होती, आणि पंखा बंद होता.

हिंदुरावांनी पुढे होऊन यंत्राची वायर उपटली. "बिघडलंय," ते म्हणाले. "माझ्या म्हशीलाबी परवा गरोदर म्हणालं."

"म्हशीला नख कुठंय?" डॉक्टर म्हणाले आणि मनापासून हसले. वीस माणसंही हसली, जरा जास्तच.

तेजल हिंदुरावांना ओढत बाहेर पत्र्याखाली घेऊन आली.

"डॉक्टर विसरतात, हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

"तीन वर्षं झाली," हिंदुराव म्हणाले. "एकदा मला गरोदर बायांच्या गोळ्या दिल्या. घेतल्याबी मी आठ दिवस. अंगात तरतरी आली, खोटं कशाला बोलू?"

"मग इथे येता कशाला?"

"बायको गेली त्यांची. पोरं परदेशात. सकाळी उठून कुलूप उघडतात ते आमच्यासाठी. आम्ही नाही आलो तर माणूस आठ दिवस टिकायचा नाही." त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "चिठ्ठी घेतो, खिशात घालतो. शनिवारी आठच्या गाडीनं सगळं गाव तालुक्याच्या डॉक्टरकडं जातं. हे स्टॅंडवर येऊन टाटा करतात. विचारतात, दर शनिवारी काय रे? म्हणतो, बाजार."

म्हणजे ती अनोळखी औषधं तालुक्याची होती. तेजलला आधी बरं वाटलं. मग ते सत्त्याण्णव टक्के आठवले.

"आणि अनुसयाबाई? त्यांना कोणीच नाही सांगितलं?"

हिंदुरावांनी नखावरचा लाल रंग खरवडला.

"तिच्या पोटात काही राहत नाही गं. पोरगा साप चावून गेल्यात जमा होता, तो डॉक्टरांनी वाचवला. ती सरळ त्यांनाच जाऊन विचारणार. मग सगळं फुटलं असतं."

"त्या कुठे आहेत?"

"दोन दिवस खिचडी तिची सून करतीय."

अनुसयाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. नाकाला धरलेला पदर लाल झाला होता, आणि दंडावर जांभळे डाग होते, कोणी धरून हलवल्यासारखे. तेजलने रुग्णवाहिकेला फोन लावला आणि गोळ्यांचा डबा उचलला.

"या आजपासून बंद करायच्या, मावशी."

"तू कोण गं सांगणार?" बाईंनी डबा ओढून घेतला. "मेडिकलवाली तू. डॉक्टरांनी सांगू दे."

हिंदुराव स्कूटरवर डॉक्टरांना घेऊन आले. मागे अर्धं गाव आलं, पट्ट्या बांधलेल्या अंगठ्यांसकट. डॉक्टर गुडघे टेकून बसले. त्यांनी डाग दाबून पाहिले, पापणी ओढून पाहिली. हात जराही चुकला नाही. डब्यातल्या दोन पट्ट्या उजेडात धरल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"या दोन्ही एकत्र? हे तर विष आहे. कोणी दिलं हे?"

मागच्यांनी अंगठे मुठीत लपवले.

जिच्या पोटात काही राहत नाही त्या अनुसयाबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग बोट उचललं.

"हिनं," त्या म्हणाल्या. "या मेडिकलवालीनं."

मागून सुटकेचा मोठा सुस्कारा आला, अर्ध्या गावाचा मिळून एक.

डॉक्टर तेजलकडे वळले. डोळ्यांत राग नव्हता. "मला विचारायचं तरी होतंस, बाळ."

तिने विचारलं होतं. तारीख वहीत होती. तेजलने तोंड उघडलं, आणि शेजारून हिंदुराव ओठ न हलवता पुटपुटले, "हो म्हण की."

तेवढ्यात रुग्णवाहिका आली.

गाडीत बाईंच्या हाताला सलाईन लावलेलं होतं. नाकातलं रक्त अजून थांबत नव्हतं. तेजल शेजारी बसली. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच बाईंनी तिचा हात धरला, आणि घट्ट धरला.

"मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला कळलं, मला कळायचं नाही? मी खिचडी शिजवते, कान नाही शिजवत."

"मग गोळ्या का घेतल्या?"

बाई टपाकडे बघत होत्या. "सगळ्यांनीच टाकल्या तर कसं व्हायचं? तो माणूस रोज बसून एवढं लिहितो. एकानं तरी घ्यायला नकोत का?"

तेजलच्या मांडीवर नखवाचक होता, घाईत तसाच हातात आलेला. चुकीच्या औषधाची नोंद त्याला चोवीस तासांत द्यावी लागे. पडद्यावर दोन चौकोन होते: 'डॉक्टर' आणि 'औषधतज्ज्ञ'. पहिला दाबला तर दवाखान्याला कुलूप लागणार होतं. दुसरा दाबला तर तिचा परवाना जाणार होता, आणि उद्या सकाळी डॉक्टर पुन्हा पेन उचलणार होते, शेजारी कोणी नसताना.

"ही चिठ्ठी कोणाच्या जबाबदारीवर दिली गेली?" यंत्राने गोड आवाजात विचारलं.

बाईंनी तिचा हात आणखी घट्ट दाबला. तो हो म्हण म्हणून की नको म्हणून, हे तेजलला कळेना.

"कृपया," यंत्र म्हणालं, "अंगठा ठेवा."