चारशे बारा अंगठे

चारशे बारा माणसांना एखादी गोष्ट आवडते आणि त्यांतलं एकही माणूस दारात येत नाही, असं कसं होईल?

दहा वर्षांची निलोफर हाच विचार करत नानांच्या कारखान्यात, तंबोऱ्यांसाठी वाळवलेल्या भोपळ्यांच्या राशीशेजारी बसली होती. साल होतं २०५८. मिरजेत आता त्रिमिती छपाईयंत्रं तासाभरात अख्खा तंबोरा काढून देत. हाताने तंबोरा घडवायला शिकवणारा वर्ग एकच उरला होता, तिच्या नानांचा. रविवारपर्यंत सहा विद्यार्थी मिळाले नाहीत, तर तोही बंद होणार होता.

निलोफरने नानांचा व्हिडिओ समाजमाध्यमावर टाकला होता. अंगठे आले चारशे बारा, नावं आली शून्य.

"मोजू, तुझं मोजणंच चुकलंय!"

मोजू म्हणजे शाळेने आठवडाभरासाठी दिलेला, जेवणाच्या डब्याएवढा यंत्रमानव. "किती अंगठे ते विचारलंस, मी सांगितलं," तो म्हणाला. "कुणाचे, ते कुठे विचारलंस? तीनशे ऐंशी तुमच्या नातेवाइकांच्या गटातून आलेत. आणि एकाच फोनवर हा व्हिडिओ सत्तावन्न वेळा पाहिलाय. फोन कुणाचा ते मला दिसत नाही. दिसूही नये."

"फुफी!" निलोफर ओरडली. फुफी म्हणजे तिची आत्या. "येईल त्या पाहुण्याला दाखवत असणार!"

नाना खोखो हसले. "घरच्यांनी स्वयंपाकाला छान म्हणायचंच असतं गं. पंगतीला बाहेरचं कोण बसलं, ते बघ."

"तेच मोजायचं," मोजू म्हणाला. "कौतुक वेगळं आणि कृती (पाहिल्यावर माणसाने पुढे काय केलं ते) वेगळी. आता ईमेल बघू, पायरीपायरीने."

संगीत महोत्सवात तीनशे श्रोत्यांनी आपणहून पत्ते दिले होते. त्यांतल्या शंभर जणांना नानांचं पत्र गेलं होतं. मोजूने भिंतीवर आकडे उमटवले. पत्र उघडलं साठ जणांनी. आतल्या दुव्यावर (बोट लावलं की वर्गाचं पान उघडतं ती जागा) गेले फक्त दोघे. अर्ज एकाचाही नाही.

निलोफरने डोळे बारीक केले. "साठ जणांनी उघडलं, म्हणजे बाहेरून दिसणारी ओळ चांगली आहे. गळती आत आहे!"

तिने पत्र वाचायला घेतलं. सुरुवातीला अकरा उस्तादांची नावं, मग त्यांचे सत्कार, शाली, मानपत्रं. वर्गाची माहिती पार तळाशी.

"नाना, मुद्दा सगळ्यात शेवटी आलाय."

नानांनी कानाच्या पाळीला हात लावला. "उस्तादांचं नाव घेतल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही, बेटा. पत्र कसं सुरू करू?"

निलोफरने पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. नानांना दुखवायचं नव्हतं, पण वर्गही बंद पडू द्यायचा नव्हता. "नावं काढायची नाहीत," ती हळूच म्हणाली. "फक्त खाली घ्यायची. पण फरक त्यानेच पडेल कशावरून?"

नाना तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत केसभर सरकवत होते. त्याने नाद खुलतो. "हे सूत हलवताना मी तारही ढिली करतो का? एका वेळी एकच बदल, आणि मग कान द्यायचा."

मोजूचे दिवे लुकलुकले. "याला तुलना-चाचणी म्हणतात, नाना! शास्त्रज्ञ अस्संच करतात."

"करू देत की. आमच्या उस्तादांनी शिकवलं असेल त्यांना."

उरलेल्या दोनशे पत्त्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन सारखे वाटे केले. बाहेरची ओळ तीच, पाठवायची वेळ तीच. एका वाट्याला नानांचं जुनं पत्र. दुसऱ्या वाट्याला आधी सूत सरकवण्यापूर्वीचा आणि नंतरचा नाद, मग वर्गाची माहिती, आणि खाली तेच अकरा उस्ताद.

शुक्रवारी आकडे आले. जुनं पत्र उघडलं अठ्ठावन्न जणांनी, दुव्यावर गेले तिघे. नवं उघडलं एकसष्ट जणांनी, दुव्यावर गेले बावीस. अर्ज पाच! नाना भिंतीकडे बघतच राहिले.

"सहावा?" निलोफरने विचारलं.

"एका फोनवरून तीनदा अर्ज सुरू झाला आणि तिन्ही वेळा वयाच्या चौकटीपाशी थांबला," मोजू म्हणाला. "कुठे अडलं ते मी सांगेन. का, ते माणसांनी शोधायचं."

निलोफरने अर्ज उघडला आणि जीभ चावली. तो तिनेच बनवला होता. चौकट फक्त आठ ते अठरा वर्षंच घेत होती! तिने ती अट पुसली. शनिवार कोरडा गेला. रविवारी सकाळी सहावा अर्ज आला. शकुंतला कोळेकर, निवृत्त बसचालक, वय सदुसष्ट.

सोमवारी वर्ग भरला. शकुंतलाबाई दारातच घुटमळल्या. "या वयात हात बसेल का हो?"

"जुन्या लाकडाचा नाद जास्त चांगला, बाई. बसा," नाना म्हणाले.

बाई बसल्या आणि निलोफरकडे झुकल्या. "आमच्या बचत गटात अजून चौघी आहेत. त्यांना धाडशील का गं ते पत्र?"

"त्यांनी हो म्हटलं की लगेच," निलोफर म्हणाली. नाना मात्र तेवढ्यात उठून राशीतले आणखी चार भोपळे निवडायलाही लागले होते.